कचरा काढू नये

माझ्या बदलीचा आदेश मेलवर आला आणि ऑफिसची मेल उघडायचं काम माझंच असल्यामुळे तो सगळ्यांत आधी मीच वाचला. अहेरीहून चंद्रपूर. वाचून झाल्यावर मी पहिल्यांदा दाराकडे पाहिलं, कोणी बघत तर नाही ना म्हणून. इतक्या वर्षांत त्या पडद्यावर माझ्यासाठी चांगलं असं काही आलंच नव्हतं. यायचं ते ‘माहिती तात्काळ सादर करावी’, नाहीतर ‘वारंवार कळवूनही’. आता घरात कोणी ‘तात्काळ’ म्हटलं तरी माझं डोकं फिरतं.

पण सरकारी नोकरीत बदली होणं वेगळं आणि सुटणं वेगळं. आदेश कुठूनही निघतो. ‘कार्यमुक्त’ करणारा साहेब तुमच्याच ऑफिसात बसलेला असतो. त्यानं सही केली नाही तर आदेशाची घडी करून उशीखाली ठेवायची आणि रोज काढून बघायची. बदली होऊन वर्ष उलटलं तरी अहेरीच्या बाजारात वांगी निवडताना भेटणारी माणसं मी पाहिली आहेत. कारण ठरलेलं असतं, जागेवर यायला दुसरा तयार नसतो. आमच्याकडे नेमणूक झाली म्हटलं की भल्याभल्यांना म्हाताऱ्या आईबापांची आजारपणं आठवतात.

माझी मुलगी चंद्रपुरात होती. नवरा कोळशाच्या खाणीत, शिफ्टची नोकरी. त्यामुळे पोरगी माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या हाती. घर एकच, पण मी सोडून सगळे त्यात. ती नुकती चालायला लागली होती तेव्हा मी इथं रुजू झाले. तेव्हापासून एक रविवार सोडून एक रविवार मी घरी जायची. आष्टीपर्यंतच्या रस्त्यावर लोहखनिजाच्या दगडांचे ट्रक एकामागे एक उभे असले की बस मागेच अडकून पडायची, आणि रविवारातला मोठा तुकडा तिथंच खर्ची पडायचा. घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली असायची. उठली की थोडा वेळ लाजायची, मग मांडीवर यायची. ती लाज मोडायला जितका वेळ लागायचा तितका मला दरवेळी जास्त वाटायला लागला होता.

जूनच्या शेवटी ती पहिलीत जाणार होती. शाळेच्या पहिल्या दिवशी तिचं बोट धरून फाटकापर्यंत मी जाणार, एवढंच मला हवं होतं. चंद्रपूरची अशी काही वेगळी ओढ नव्हती. मे महिन्यात ते गाव जसं तापतं, तिथं आपणहून कोण जाईल? पण पोरीची पहिली शाळा परत येत नाही. मी साहेबांना तसं स्पष्ट सांगितलं.

साहेब मूळचे साताऱ्याकडचे. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. आणि भित्रा साहेब वाईट साहेबापेक्षा जास्त जाच करतो, कारण त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

“मॅडम, मी तुम्हाला अडवणार नाही,” ते म्हणाले. “तुमच्या जागी माणूस येईपर्यंत थांबा, असंही म्हणणार नाही. फक्त ते मेलचं तेवढं करून जा. शाळा उघडायच्या आत मोकळं करतो.”

इथंच घोडं पेंड खात होतं. आमच्या कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्राम इतका जुना होता की जूननंतर तो चालणारच नाही, नवी आवृत्ती टाकून घ्या, असं वरच्या ऑफिसानं कळवलं होतं. सोबत इंजिनिअर पाठवू, असंही होतं. ते वाचून साहेबांना आनंद व्हायला हवा, तर ते घामाघूम झाले. कारण दुसऱ्या एका तालुक्यातल्या ऑफिसात असंच नवं टाकताना जुनी सगळी मेल उडाली होती आणि तिथल्या साहेबांना खुलासे देता देता नाकी नऊ आले होते. “माझ्या काळात मेल गेली असं व्हायला नको,” हे वाक्य आमचे साहेब चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर म्हणायचे.

मेल जाऊ शकत होती, कारण ती होती फक्त त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात. नवी मेल आली की प्रोग्राम ती खाली उतरवून घ्यायचा आणि सर्व्हरवरची पुसून टाकायचा. तिथं आम्हाला जागाच फार थोडी दिली होती. आमचं ऑफिस तलावांचं. गावोगावचे जुने तलाव मासेमारीसाठी तिथल्या ढिवरांच्या संस्थांना द्यायचे, त्याच्या मंजुऱ्या, मुदतवाढी, भांडणं, सगळं मेलवर आलेलं. प्रत्येक मेलच्या खाली लिहिलेलं असायचं, ‘मूळ प्रत टपालाने पाठवीत आहोत’. ते टपाल अजून वाटेतच असावं. बाजाराच्या दिवशी संस्थेची माणसं यायची, “बाई, आमच्या तळ्याचा कागद द्या,” म्हणायची, आणि मी मेल शोधून छापून द्यायची. तो कागद नसला की पुढच्या गावचा कोणी पुढारी येऊन यांच्या तळ्यात जाळं टाकायचा. म्हणजे मेल जाणं ही काही गंमत नव्हती. तरी खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला तलावांचं फार काही पडलं नव्हतं. मला माझी सुटका दिसत होती.

आता आमच्या ऑफिसची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. माझ्या आधी एक बडे बाबू होते, निवृत्त होऊन गेलेले. एकदा तपासणीला वरचे साहेब आले आणि कॉम्प्युटर उघडून म्हणाले, एवढी मेल पडून आहे, म्हणजे तुमच्याकडे कामं पडून आहेत. ती सगळी झालेली कामं होती, पण पाहुण्या साहेबाला कोण सांगणार? तेव्हापासून बडे बाबूंनी नियम घातला. काम झालं की ती मेल ओढून ट्रॅशमध्ये टाकायची, म्हणजे कचरापेटीत. समोरची पेटी कायम रिकामी, तपासणी खुश. कचरापेटी कोणी उघडून बघत नाही, आणि मेल तिथं सुखरूप राहते, असा त्यांचा हिशेब. म्हणजे आमचं रेकॉर्ड रूम ट्रॅशमध्ये होतं. सगळ्या तलावांच्या सगळ्या मंजुऱ्या तिथंच. आणि चुकून कोणी ती पेटी रिकामी करू नये म्हणून बडे बाबूंनी पडद्याच्या वरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली होती: ‘कचरा काढू नये’. दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा व्हायची तेव्हा त्या चिठ्ठीलाही हळदकुंकू लागायचं. येणारे जाणारे हसायचे. आमचे शिपाईभाऊ तर ती वाचून त्या टेबलाखाली झाडूच फिरवत नसत.

मी आले तेव्हा मीही हसले होते. मग मीही तेच करायला लागले. रोजचा हात एकदा बसला की माणूस विचारत नाही. नीट वेगळे फोल्डर करून मेल हलवावी म्हणून मी दोनचारदा प्रयत्नही केला, पण एवढा ढीग उचलायला घेतला की तो म्हातारा कॉम्प्युटर गोठायचा आणि चहा पिऊन येईपर्यंत तसाच राहायचा.

नेटवर वाचून वाचून मला एवढं कळलं की नवं टाकण्याआधी जुन्याची पूर्ण नक्कल बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवायची. मेलचा प्रोग्राम सगळं एका फोल्डरमध्ये ठेवतो, आणि तो फोल्डर असा लपवलेला असतो की चोरालाही सापडू नये. मला सापडला. मी तो उचलला आणि डिस्कवर टाकला. हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. मध्येच काहीतरी विचारणा झाली, एक फाइल वापरात आहे, सोडून देऊ का? मी वाचलं न वाचलं आणि ‘हो’ म्हटलं. सुटायची घाई झालेल्या बाईनं आणखी काय म्हणायचं?

नक्कल चालते का हे साहेबांच्या लॅपटॉपवर तपासलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. फक्त ट्रॅश रिकामी होती. सगळ्यांत मोठी फाइल तीच, आणि ‘सोडून देऊ का’ म्हणून विचारलेली फाइलही तीच. मेलचा प्रोग्राम मागे उघडाच होता, तो बंद केल्याशिवाय त्या फाइलला हात लागत नव्हता. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. साहेबांना मी काही बोलले नाही. भित्र्या माणसाला अर्धी गोष्ट सांगणं धोक्याचं असतं.

दुसऱ्या दिवशी प्रोग्राम बंद करून पुन्हा लावलं आणि पट्टी अर्ध्यावर आली नाही तोच वादळ आलं. अहेरीत मे महिन्यातलं वादळ म्हणजे पाणी कमी आणि धूळ जास्त. लाइन मात्र हमखास जाते. आता सगळं इन्व्हर्टरवर, आणि त्या इन्व्हर्टरची बॅटरी आमच्या पदभरतीसारखी, आहे म्हणायची.

“बाई, बॅटरी बसून राह्यली,” शिपाईभाऊ धावत आले. “पंखे चालू हायेत नं सगळे.”

“मंग बंद करा!”

“साहेबाचा बी?”

“साहेबाचा पहिले!”

त्यांनी खरोखरच साहेबांचा पंखा बंद केला. साहेब रुमालानं मान पुसत बाहेर आले. मी खुर्चीतून न उठता म्हटलं, “साहेब, मेल पाहिजे का पंखा?” एरवी माझी अशी बोलायची प्राज्ञा नाही. ते बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले, आणि आख्खं ऑफिस त्यांच्यामागे. आत मी एकटी, खिडक्या लावलेल्या, घामाचा थेंब हनुवटीवरून कीबोर्डवर पडू नये म्हणून पदर गळ्याशी धरलेला. फटींतून तरी धूळ आत येत होती. मला वाटत होतं, ही पट्टी नाही, हा माझाच चंद्रपूरचा रस्ता आहे आणि पुढे ट्रक उभा आहे. मी तिला मोठ्यानं शिव्या दिल्या. शेवटी पट्टी टोकाला टेकली आणि त्यानंतर थोड्याच वेळात बॅटरीनं मान टाकली.

मी पुन्हा तपासलं. या वेळी ट्रॅश होती, भरलेली, बडे बाबूंच्या काळापासूनची. मी डिस्क रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि ती पर्स खोलीवर स्वयंपाक करतानासुद्धा डोळ्यांआड होऊ दिली नाही.

मग इंजिनिअर आला. गडचिरोलीहून, बरोबर नवा कॉम्प्युटर आणि नवा पडदा घेऊन. हसतमुख, हात चपळ. जुन्यातलं सगळं त्यानं नव्यात आणलं, नवा प्रोग्राम टाकला, मेल उघडून दाखवली. ट्रॅशही आली होती. मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात घरून फोन आला. ऑफिसात आत रेंज धड येत नाही, म्हणून मी बाहेर गेले. जाऊबाई पोरीला शाळेचा गणवेश घालून बघत होत्या; स्कर्ट कंबरेत सैल होतो म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या, मी आले की टीप घालते. पोरगी मागून ओरडली, “आई, दफ्तर कोन्या रंगाचं आणू?” मी म्हटलं, आपण दोघी जाऊन आणू.

आत आले तर इंजिनिअर वायरी गुंडाळत होता.

“मॅडम, तुमच्या ट्रॅशमधी लय कचरा जमला होता,” तो म्हणाला. “साफ करून देलं. आता पाहा, कसा सुसाट चालून राह्यला.”

मी नव्या पडद्याच्या वरच्या कडेला पाहिलं, ती कोरी होती. बडे बाबूंची चिठ्ठी जुन्या पडद्यावर होती, आणि जुना पडदा व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

“कोणाले विचारून केलं तुमी?” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

तो खरंच गोंधळला. “कचरा काढाले कोणाले विचारा लागते का, मॅडम?”

त्याचं काही चुकलं नव्हतं. जगाच्या पाठीवर कुठल्याही ऑफिसात त्याला शाबासकी मिळाली असती. कचऱ्याच्या पेटीत जपून ठेवायचं सामान ठेवणारे आम्हीच. तरी मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आमच्या चंद्रपूरकडे माणूस चिडला की आडवळणं घेत नाही. साहेब दारात येऊन उभे राहिले, आणि “गेली?” एवढंच विचारून खुर्चीचा हात धरून बसले. इंजिनिअरनं जुना कॉम्प्युटर लावून बघू म्हटलं, तर तोही त्यानं जाता जाता पुसून ठेवला होता. नियमच तसा होता म्हणे.

मग डिस्क आठवली. आठवली म्हणजे विसरले नव्हतेच, पण भीतीनं हात पर्सकडे जात नव्हता. हिच्यातही नसली तर काय, हे मला कळून घ्यायचं नव्हतं. शेवटी मी इंजिनिअरला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसले. प्रोग्राम पूर्ण बंद केला. डिस्कवरून ती मोठी फाइल नव्या जागी आणली आणि तिचं नाव बदलून ‘निकाली प्रकरणे’ ठेवलं, म्हणजे पुन्हा कोणी सफाईला हात घालायला नको. प्रोग्राम उघडला. डावीकडे नवं नाव दिसलं, पण त्यात काहीच नाही. मग एकेक ओळ येऊ लागली. सगळ्यांत जुनी मेल आधी. गावांची नावं, तलावांची नावं, ‘मूळ प्रत टपालाने’.

मी तोंडावर पदर घेऊन रडले. चारचौघांत रडायची मला चीड आहे, पण रडले.

“बाई, आता काऊन रडून राह्यल्या?” शिपाईभाऊ म्हणाले. “सापडली नं मेल?”

“म्हणूनच रडून राह्यली, भाऊ. आता मले घरी जाता येते.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते इतके खुश झाले की त्यांनी चहाबरोबर समोसेही मागवले, इंजिनिअरसाठीसुद्धा. मला म्हणाले, “काम पूर्ण झाल्याचा अहवाल वर पाठवा, आणि तुमचा कार्यमुक्तीचा आदेशही टाइप करून ठेवा. वरून पोच आली की लगेच सही करतो.” आजच करा ना, असं मी म्हणाले. “पोच येऊ द्या,” ते म्हणाले. “दोन दिवसांचा तर प्रश्न.”

अहवाल मीच लिहिला. साहेबांची पत्रं मीच लिहायची, ते फक्त सही करायचे. आणि इथं मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला. ‘काम पूर्ण झाले’ एवढं लिहून थांबता आलं असतं. पण वरून पुन्हा काही विचारणा नको, काही शंका नको, म्हणून मी शेवटी एक वाक्य घातलं: ‘सदर काम या कार्यालयातील कनिष्ठ लिपिक यांनी स्वतः अभ्यास करून, एकही मेल न गमावता यशस्वीरीत्या पूर्ण केले असून, आता त्यांना कार्यमुक्त करण्यास या कार्यालयाची हरकत नाही.’ थोडी हौसही होती. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी एक चांगलं वाक्य लिहिलं नव्हतं, मग म्हटलं आपणच लिहावं. साहेबांनी वाचलं, मान हलवली आणि सही केली.

त्यानंतर मी खोली आवरली. सिलिंडर घरमालकिणीला दिला, बादली आणि तांदळाचा डबा शेजारच्या मास्तरीणबाईंना, आणि गादी शिपाईभाऊंना. त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं, त्यांना हवीच होती. मी जमिनीवर चटई टाकून झोपू लागले आणि मला छान झोप लागत होती. पोरीला फोनवर सांगून टाकलं की शाळेत तुला मीच नेणार.

“रोज?” तिनं विचारलं.

“रोज,” मी म्हटलं.

पोच आली ती नव्या प्रोग्राममध्ये. नवा पडदा स्वच्छ, अक्षर मोठं, वाचायला अगदी सोपं. वरच्या ऑफिसानं आमच्या कामाचं कौतुक केलं होतं. पुढे लिहिलं होतं की इतर तालुक्यांतल्या कार्यालयांतही हेच काम व्हायचं आहे आणि तिथे जुनी मेल गमावण्याच्या तक्रारी आहेत. सबब सदर कर्मचारी यांची चंद्रपूर येथील पदस्थापना कायम ठेवून, उर्वरित कार्यालयांचे काम पूर्ण होईपर्यंत त्यांना अहेरी येथेच प्रतिनियुक्तीवर ठेवण्यात येत आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर कागदावर मी चंद्रपूरची झाले आणि खुर्ची अहेरीतच राहिली. बदली नाकारली असती तर मी भांडले असते, कोर्टात गेले असते. त्यांनी बदली दिलीच होती, मग भांडायचं कशाबद्दल?

ती मेल मी दोनदा वाचली. पुसून टाकावी, असं मनात आलं. कोणाला कळलं असतं? पण आमच्या ऑफिसात कचऱ्यात टाकलेली मेलसुद्धा जात नाही, हे मीच लेखी कळवून बसले होते. मी ती छापली, तिच्यावर आवक क्रमांक टाकला आणि साहेबांसमोर नेऊन ठेवली.

साहेबांनी ती वाचली. “मॅडम, मी काय करू?” ते म्हणाले. “वरचा आदेश आहे.” मग दबक्या आवाजात म्हणाले, “ते वाक्य तुम्हीच घातलं होतं हो.”

मला त्यांचा राग आला, आणि राग येऊनही काही उपयोग नाही याचा जास्त राग आला. टाइप करून ठेवलेला माझा कार्यमुक्तीचा आदेश त्यांच्या टेबलावर काचेखाली होता, सहीची जागा रिकामी. मी तो उचलला नाही. बाहेर आले तर शिपाईभाऊ पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. त्यांना सगळं कळलं होतं. भिंती पातळ आहेत आमच्या.

“बाई,” ते म्हणाले, “गादी वापस आणून देऊ का?”

“नको भाऊ. लेकीले राहू द्या,” मी म्हटलं. त्यांनी संध्याकाळी आणून दिलीच.

मग माझ्या फेऱ्या सुरू झाल्या. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा. घर जिकडे, त्याच्या बरोबर उलट दिशेला. जिथं जाईन तिथं माझं स्वागत व्हायचं, चहा यायचा, आणि एखादा माझ्यासारखाच लिपिक हळूच विचारायचा, मॅडम, हे शिकलं की बदली होते का? मी कोणाला खरं सांगितलं नाही, कोणाला खोटंही सांगितलं नाही. जाताना रस्त्यात जंगल लागायचं, तासन् तास एकही माणूस न दिसणारं. लोक त्याला सुंदर म्हणतात. मला त्या झाडांचा राग यायचा, कारण कितीही पुढे गेलं तरी ती संपत नव्हती. रविवारही गेले. शनिवारी काम अर्ध्यावर असलं की सोडून निघता येत नव्हतं, आणि ते दर शनिवारी अर्ध्यावरच असायचं.

शाळा उघडली त्या दिवशी मी सिरोंच्यात होते. तिथल्या ऑफिसच्या मेलची नक्कल निघत होती. जाऊबाईंनी शाळेच्या फाटकातून व्हिडिओ कॉल लावला. चित्र थांबत थांबत येत होतं. पोरीच्या दोन वेण्या, लाल रिबिनी, पाठीवर निळं दफ्तर. स्कर्ट कंबरेत नीट बसला होता. मी विचारलं, भीती वाटते का? ती म्हणाली, नाई. मी विचारलं, डब्यात काय आहे? ती म्हणाली, पोळी न् गूळ. मला अजून पुष्कळ विचारायचं होतं, पण काय विचारावं ते सुचेना. ती आतल्या मुलांकडे पाहत होती.

फाटकाशी तिच्या नव्या बाई उभ्या होत्या. त्यांचा आवाज आला, “बाळा, कोणाचा फोन आहे?”

“अहेरीच्या आईचा,” ती म्हणाली. अगदी सहज, लोक नागपूरची मावशी म्हणतात तसं. मग तिनं फोन जाऊबाईंच्या हातात दिला आणि आत पळाली.